न दिलेल्या जागेवरचं पुण्य

“अहो, मंदिरच तर बांधतायत. दारूचं दुकान थोडंच काढतायत?”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला मी परवानाच म्हणते. नगर निगमानं न दिलेला, कुणाचा सही-शिक्का नसलेला, तरी सगळीकडे चालणारा परवाना. बगीच्यात आधी पत्र्याचं शेड पडतं. मग त्याखाली चार खांब येतात. मग एका मुहूर्तावर स्लॅब पडतो, फरशी बसते आणि देणगीदारांच्या नावांची पाटी चढते. मध्येच कुणी विचारलं, “बगीच्याची जागा आहे ना ही? विचारलंत कुणाला?” की हे वाक्य पुढं येतं आणि विचारणारा ओशाळून घरी जातो. विचारणारी बाई असेल तर तिला घरी गेल्यावर आणखी ऐकावं लागतं. बाईमाणसानं धर्मकार्यात खोडा घालायचा म्हणजे काय!

मला या वाक्याशीच भांडायचं आहे. देवाशी माझं भांडण नाही. सकाळी दर्शन झाल्याशिवाय मी चहाचा घोट घेत नाही, तेव्हा ‘ही नास्तिक आहे’ म्हणून मला बाजूला सारता येणार नाही. आणि हे वाक्य किती महाग पडतं ते आमच्या सांवेरपासून तीसेक किलोमीटरवर, इंदुरात, सगळ्या देशानं पाहिलेलं आहे.

३० मार्च २०२३. रामनवमी. इंदूरच्या पटेलनगर-स्नेहनगर भागातल्या बगीच्यात श्री बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिर होतं. जुनं, लोकांच्या श्रद्धेचं. त्या दिवशी तिथं हवन होतं. माणसं दाटीवाटीनं बसली होती. बसली होती ती जमीन आहे असं समजून. पण ती जमीन नव्हतीच. खाली जुनी बावडी होती आणि तिच्यावर कित्येक वर्षांपूर्वी छत घालून वर फरशी बसवलेली होती. हवन चालू असताना ते छत कोसळलं आणि बसलेली माणसं बावडीत गेली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही शोध चालला, महूहून लष्कराचे जवान आले. छत्तीस माणसं गेली. त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. लहान मुलंही होती.

बातमी ऐकून आपण सगळ्याच हळहळलो. पण हळहळीच्या मागे एक हकिगत होती, ती हळूहळू बाहेर आली, आणि माझ्या मते मोठी गोष्ट तीच आहे. त्याच बगीच्यात जुन्या मंदिराच्या शेजारी नवं मोठं मंदिर उभं राहत होतं. वसाहतीतल्या रहिवाशांनी निगमाकडे आधीच तक्रार केली होती, की हा बगीचा आहे आणि हे बांधकाम विनापरवाना आहे. निगमानं नोटीस दिली. ट्रस्टकडून उत्तर आलं की आम्ही जीर्णोद्धार करतो आहोत आणि आमच्या धर्मभावना दुखावल्या जात आहेत. जानेवारी २०२३ मध्ये बांधकाम पाडण्याची नोटीस निघाली. पाडलं कुणीच नाही. दोन महिन्यांनी रामनवमी आली.

अपघातानंतर मात्र चार दिवसांत सगळं झालं. ३ एप्रिलला बुलडोझर आले, बांधकाम पाडलं गेलं आणि बावडी भराव टाकून बंद केली गेली. अधिकारी निलंबित झाले, ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला. म्हणजे जे काम ‘भावना दुखावतील’ म्हणून महिनोन्‌महिने होत नव्हतं, ते छत्तीस प्रेतं उचलल्यावर एका सकाळीत झालं. मग मला सांगा, आधी भावना कुणाच्या जपल्या? ज्यांनी तक्रार केली त्या शेजाऱ्यांना भावना नव्हत्या? त्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊन हवनाला बसलेल्या आजीला आपल्या खाली काय आहे ते कळायचा हक्क नव्हता?

“नशीब त्यांचं,” असंही तेव्हा लोक म्हणाले. आपल्या समाजातही म्हणाले, फक्त आपण नशिबाऐवजी ‘कर्मोदय’ म्हणतो. मला हा शब्द असा वापरलेला अजिबात चालत नाही. कर्मसिद्धांत माझं मी कसं वागावं यासाठी आहे, दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्यासाठी नाही. आपल्याकडे हिंसेची व्याख्या सांगताना आचार्यांनी प्रमादाला पहिलं स्थान दिलेलं आहे. बेफिकिरीनं जीव गेला तर ती हिंसाच, मनात द्वेष असो की नसो. आपण बायका तांदूळ निवडताना एकेका किड्यासाठी थांबतो, पावसाळ्यात हिरवी भाजी सोडतो, संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवून घेतो. आणि बावडीवर घातलेल्या छतावर शंभर माणसं बसवताना ते छत किती भार पेलेल हे कुणी विचारलं नाही, तर त्याला नशीब म्हणून मोकळं व्हायचं? तांदळातल्या किड्याला एक न्याय आणि माणसाला दुसरा?

आता ‘जीर्णोद्धार’ या शब्दाकडे येते. हा फार चांगला शब्द आहे. जे जुनं झालं, झिजलं, ते तसंच्या तसं सावरून पुढच्यांच्या हाती देणं. ज्यानं बांधलं त्याचं नाव राखून आपण फक्त डागडुजीचे धनी व्हायचं. हल्ली मात्र या शब्दाखाली होतं काय? जुन्या चुनेगच्चीच्या भिंतींना टाइल्स लागतात. कोरीव खांब ऑइलपेंटात बुडतात. जुनी छोटी वास्तू शेजारच्या नव्या प्रचंड वास्तूच्या सावलीत जाते आणि दहा वर्षांत लोक विसरतात की मूळ कोणतं. बावडी असेल तर ती ‘धोकादायक’ ठरते. कठडा बांधायचा, जाळी बसवायची, पायऱ्या साफ करायच्या, हे सुचत नाही. सरळ झाकायची, म्हणजे वर बसायला जागा होते! याला उद्धार म्हणायचं असेल तर गाडणं कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

बावडी ही ऐतिहासिक वास्तू आहे, हेच आपल्या गळी उतरत नाही. तिला शिखर नाही, कळस नाही. ती वर वाढत नाही, खाली उतरते, म्हणून दिसत नाही. राजवाडा, छत्र्या, लालबाग पाहायला पाहुणे नेतो, बावडीत कचरा टाकतो. मांडूला जाल तेव्हा जहाज महाल पाहून लगेच परतू नका, चंपा बावडीपाशी थांबा. खालच्या अंगाला उन्हाळ्यात थंडाव्याला बसण्यासाठी दालनं केलेली आहेत. तिथंच उजाली बावडी आणि अंधेरी बावडी आहेत. अंधेरी बावडीवर छत आहे. म्हणजे विहिरीवर छत घालणं त्या जुन्या कारागिरांनाही येत होतं. पण त्यांनी त्याखाली कमानींचा आधार दिला आणि मध्ये उजेडाला वाट ठेवली. आत पाणी आहे हे माणसापासून लपवलं नाही. सगळा फरक इथंच आहे.

आणि बायांनो, बावडी ही तर आपली वास्तू आहे. पाणी आणायचं काम आपलं, म्हणून विहिरीचा काठ आपला. पण मी नुसतं वापरण्याबद्दल बोलत नाही, बांधण्याबद्दल बोलते. गुजरातेतल्या पाटणची ‘रानी की वाव’ अकराव्या शतकात राणी उदयमतीनं बांधवली. शतकानुशतकं ती गाळानं भरून गेली होती. पुरातत्त्व खात्यानं ती उपसून काढली, २०१४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं, आणि आज शंभराच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला ती छापलेली आहे. पर्समधली नोट काढून पाहा. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधवली. एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढी मोठी, आणि आत चक्क महाल. राजांनी किल्ले बांधले, राण्यांनी पाणी बांधलं. त्या पाण्यावर स्लॅब पडतो तेव्हा आपल्याच थोरल्यांच्या हातचं काहीतरी पुसलं जातं.

इंदूरच्या लोकांसमोर हे बोलताना अहिल्याबाईंचं नाव न घेऊन कसं चालेल? बगीच्यात बांधकाम करणारेही त्यांचंच नाव घेतात, “अहिल्यामातेनं किती मंदिरं बांधली!” बांधलीच. काशीचं विश्वनाथाचं मंदिर १७८०चं, गयेचं विष्णुपद १७८७चं. घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा तर मोजाव्यात तेवढ्या थोड्या. पण पैसा कुठला वापरला, हे सांगायला लोक विसरतात. होळकरांकडे दोन वेगळे हिशेब होते, एक दौलतीचा आणि एक खासगीचा. खासगी म्हणजे १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे करून दिलेली जहागीर. बाईच्या नावची, बाईच्या हक्काची. तीच पुढं अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांचा दानधर्म त्या खासगीतून चालला. रयतेचा पैसा रयतेसाठी, पुण्य स्वतःच्या पदरच्या पैशानं. राज्याची मालकीण असून ज्या बाईनं ही रेघ ओलांडली नाही, तिचं नाव घेऊन आपण सरकारी बगीच्याचा कोपरा गिळायचा? इंदुरातच सर सेठ हुकुमचंदांचं काच मंदिर आहे. देशभरातून लोक पाहायला येतात. सेठजींनी ते स्वतःच्या पैशानं बांधलं. भव्य बांधायला मनाई कुणीच केलेली नाही. आपल्या पैशानं, आपल्या जागेवर बांधावं, एवढंच.

आपल्या शास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे, अदत्तादान. जे दिलेलं नाही ते घेणं. चोरी या शब्दापेक्षा हा शब्द कडक आहे. चोरी म्हटलं की रात्र, अंधार, कुलूप फोडणं डोळ्यांपुढं येतं आणि आपण म्हणतो, छे, आपण तसले नाही. अदत्तादानात असली काही सवलत नाही. एकच प्रश्न, दिलं होतं का? बगीचा कुणी दिला? तो वसाहतीच्या नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेला असतो. प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकानं त्या मोकळ्या जागेचे पैसे आपल्या प्लॉटच्या किमतीत भरलेले असतात. त्यात कालच भाड्यानं राहायला आलेल्या बाईच्या मुलाचाही खेळायचा हक्क आहे आणि जो कुठल्याच मंदिरात जात नाही त्या म्हाताऱ्याचाही फेरी मारायचा हक्क आहे. त्यांनी दिलं होतं का? वसाहतीतले पन्नास लोक टाळ्या वाजवून ‘हो’ म्हणाले म्हणून एक्कावन्नाव्याची वस्तू आपली होत नाही. आणि अजून जन्मायच्या मुलांना तर विचारायची सोयच नाही.

कायदाही हेच सांगतो, साध्या भाषेत. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला, की सार्वजनिक रस्ते, सार्वजनिक बगीचे आणि इतर सार्वजनिक जागा इथं मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावानं विनापरवाना बांधकाम होऊ देऊ नये. बगीचा हा शब्द त्या आदेशात आहे. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या एका वसाहतीची बगीच्याची जागा खासगी दवाखान्याला दिली होती, तिथंही न्यायालयानं रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला. दवाखाना तर मंदिराइतकाच भल्याचा! तरी न्यायालय म्हणालं की बगीच्याची जागा बगीच्याचीच राहील. म्हणजे ‘चांगल्या कामासाठी’ हे कारण कायद्यानं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच निकालात काढलेलं आहे. आपणच अजून ते उराशी धरून बसलोय.

“तुम्ही फक्त दुसऱ्यांच्या मंदिरांना का बोलता?” मी नाही बोलत फक्त दुसऱ्यांच्या. आपल्या समाजानं रस्त्याच्या कडेला परवानगीशिवाय कीर्तिस्तंभ उभारला, बगीच्याच्या कुंपणाला लागून संतनिवासाची भिंत सरकवली, तर तेही अदत्तादानच. आपल्याला तर जास्त लाज वाटायला हवी, कारण अचौर्य आपण पाठ करतो. बांधकामाला आपल्याकडे ‘आरंभ’ म्हणतात आणि आरंभात जीवांची विराधना होतेच, म्हणून गरजेपुरतंच बांधावं असं सांगितलेलं आहे. गरज आहे का, हा प्रश्न हल्ली कुठल्या बैठकीत विचारला जातो? बैठक सुरू होते तीच मुळी शिखराच्या उंचीपासून.

आणखी एक गोष्ट खास आपली आहे, म्हणून सांगते. आपल्याकडे विहिरीचं पाणी गाळून घेतात आणि गाळण्यावरची जिवाणी त्याच विहिरीत परत सोडतात, तीही वरून न फेकता, कडीच्या डोलातून हळूच खाली पाण्यापर्यंत नेऊन. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. माझ्या आजेसासूबाई हे इतक्या निगुतीनं करायच्या की बघत राहावं. आजही मुनिमहाराज गावात आले, चौका लावायचा ठरला, की पहिली धावाधाव असते ती विहिरीच्या पाण्याची. बोअरचं चालत नाही, नळाचं चालत नाही. घागरी घेऊन दोन-दोन मोहल्ले पालथे घालतो आम्ही बायका. का? कारण जवळच्या विहिरींवर कुठं ओटा आहे, कुठं पार्किंग आहे, कुठं पत्र्याचं शेड आहे. महाराजांच्या नावानं हॉल बांधायला उत्साह दांडगा, महाराजांच्या आहाराला लागणारं पाणी मात्र आपणच झाकून टाकलेलं.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण प्रकरण आता आपल्या दारात आलेलं आहे. आमच्या भागातल्या एका वसाहतीत छोटासा बगीचा आहे. त्यात एक जुनी दगडी बावडी आणि तिच्या काठावर जुनी छत्री आहे. छत्रीच्या आत झिजलेली पावलं आहेत, लोक त्यांना फूल वाहतात. या छत्रीच्या शेजारी ‘सभामंडप’ करायचं ठरलं आहे. नकाशा मंजूर झालाय का, विचारलं तर “होऊन जाईल.” बावडीचं काय, विचारलं तर “झाकून घेऊ, मुलं पडतात.” आजवर एकही मूल त्या बावडीत पडलेलं मला माहीत नाही. झाकलेल्या बावडीत मात्र छत्तीस जण पडलेले मला माहीत आहेत. पावतीपुस्तक आमच्या महिला मंडळात आलं तेव्हा मी बोलले, आणि मग काय काय ऐकलं ते जाऊ द्या. “जैन आहात ना, म्हणून आमच्या छत्रीशी घेणंदेणं नाही,” असं एका बाजूनं. “आपण अल्पसंख्य, कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं,” असं आपल्याच बाजूनं. पहिल्यांना माझं उत्तर असं की छत्रीशी घेणंदेणं आहे म्हणूनच तिच्या शेजारी चाळीस फुटांचा काँक्रीटचा डबा नको म्हणते. आणि दुसऱ्यांना सांगते, छत कोसळतं तेव्हा ते जात विचारत नाही.

“पण एकट्या बाईनं विरोध करून काय होतं?” एकटीनं थोडंच होतं. चार जणींनी होतं. मुंबईची राणीची बाग, भायखळ्याची, तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली असेल. १८६२ मध्ये लोकांसाठी उघडलेली जुनी बाग, आणि तिच्या आवारात १८७२चं संग्रहालय, आज ज्याला भाऊ दाजी लाडांचं नाव आहे. २००७ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा कायापालट करायचा मोठा आराखडा आला. तेव्हा मुंबईतल्या काही बायका पुढं झाल्या आणि बाग वाचवण्यासाठी समिती उभी राहिली. त्यांनी घोषणांवर भर दिला नाही. झाडं मोजली, त्यांची नावं लिहिली, कागद मागवले, वारसा समितीपुढं म्हणणं मांडलं. मूळ आराखडा जसा होता तसा मंजूर झाला नाही. पुढं तिथं पेंग्विन आले, त्यांच्यासाठी इमारत झाली. सगळंच काही थोपवता आलं नाही. पण आज त्या बागेत जी जुनी झाडं उभी आहेत त्यांच्यामागे त्या बायकांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. त्याही आपल्यासारख्याच. घर, स्वयंपाक, आजारपणं सांभाळून कागद वाचणाऱ्या.

आपल्या हातात काय आहे, ते आता सांगते. आपल्या हातात पावती आहे. मंदिराच्या, मंडपाच्या, हॉलच्या देणग्यांपैकी किती पैसा बायकांच्या पर्समधून, बायकांच्या बोलीतून, बायकांच्या वाचवलेल्या घरखर्चातून येतो, ते तुम्हाला माहीत आहे. आणि आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, की पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवलं तर, आणि करणाऱ्याला अनुमोदन दिलं तर. एकशे एक रुपयांची पावती म्हणजे अनुमोदनच. भूमिपूजनाला डोक्यावर कलश घेऊन चाललेल्या बायकांची रांगही अनुमोदनच. रांगेत सगळ्यांत पुढं आपण असतो, छताखाली सगळ्यांत जास्त आपणच बसतो, आणि ट्रस्टच्या बैठकीत आपली खुर्ची शोधून सापडत नाही. स्नेहनगरच्या आकड्याकडे पुन्हा एकदा बघा. निम्म्याहून अधिक बायका.

म्हणून यापुढं कुठलंही पावतीपुस्तक समोर आलं की चार प्रश्न विचारा. जागा कुणाच्या नावावर आहे, खसरा दाखवा. नकाशा मंजूर आहे का, मंजुरीचा कागद दाखवा, झेरॉक्स चालेल, तोंडी चालणार नाही. शेजारी किंवा खाली जुनं काही आहे का, विहीर, बावडी, छत्री, शिलालेख. आणि भार किती पेलेल हे कुठल्या इंजिनिअरनं लिहून दिलंय? चारही उत्तरं नीट आली तर शंभराऐवजी पाचशेची पावती फाडा, मीही फाडीन. एकही उत्तर “होऊन जाईल” असं आलं तर हात जोडून “जय जिनेन्द्र” म्हणा आणि पुस्तक परत द्या. भांडायची गरज नाही. न भांडता पैसे न देणं हे बायकांचं फार जुनं आणि फार नेमकं शस्त्र आहे.

निगमाकडे आणि पार्षदांकडेही आपलं मागणं असायला हवं. गावातल्या सगळ्या जुन्या विहिरी-बावड्यांची यादी करून ती नगर परिषदेच्या भिंतीवर लावा. प्रत्येक बावडीला कठडा, वर उघडणारी जाळी आणि नावाची पाटी द्या. बगीच्यात परवानगीशिवाय वीट चढली तर पहिल्या विटेलाच थांबवा. शिखर चढल्यावर नोटीस पाठवण्यात काही शौर्य नाही. आणि अपघात झाला म्हणून बावडी बुजवू नका. स्नेहनगरच्या बावडीचा अपराध काय होता? तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. तिला आधी झाकलं माणसांनी, मग तिच्यावर बसले माणसं, आणि शेवटी शिक्षा म्हणून भराव पडला तो तिच्यातच. ज्यांनी वेळेवर कागद हलवले नाहीत त्यांच्या फायली मात्र अजून कुठल्यातरी कपाटात सुखात असतील.

आमच्या बगीच्यातली ती छत्री कुणाची, त्या झिजलेल्या पावलांचा धनी कोण, हे आज गावात धड कुणाला सांगता येत नाही. सभामंडप झाला की विचारणारंही कुणी उरणार नाही. म्हणून जोवर दगड जागेवर आहेत आणि खाली पाणी आहे, तोवर विचारायचं. मंदिर आहे म्हणून विचारायचं नाही, असं कुणी म्हणालं तर सांगायचं, मंदिर आहे म्हणूनच विचारतेय. देवाच्या दारात न दिलेली वस्तू ठेवू नये, एवढं तर आपल्याला आईनं शिकवलेलं आहे.